बदलले, पण कोणी?

‘नियम बदलले आहेत.’ एका कार्यालयाच्या खिडकीवर एवढाच मजकूर असलेला कागद चिकटवला होता. रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर बाई उभ्या होत्या. त्यांनी आत विचारले, ‘कोणी बदलले?’ आतून उत्तर आले, ‘बदललेत.’ ‘अहो, पण कोणी?’ ‘वरून बदललेत.’ बाई क्षणभर थांबल्या, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरली आणि निघून गेल्या. माझे काम त्या दिवशी झाले, पण मी त्या क्रियापदापाशी अडकून राहिले. आतला माणूस खोटे बोलत नव्हता, काही लपवायचा त्याचा हेतूही नसावा. तो मराठी बोलत होता, आणि मराठीत त्याच्या हाताशी एक असे क्रियापद होते, की ज्याला कर्त्याची गरजच पडत नाही.

‘समितीने नियम बदलले’ हे वाक्य घ्या. कर्ता तृतीयेत आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालणारे, म्हणजे शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग. आता त्यातला ‘समितीने’ हा शब्द काढून टाका. ‘नियम बदलले’ एवढे उरते, आणि ते अपुरे वाटत नाही. काही गळले आहे असा संशयही येत नाही, कारण ‘ऋतू बदलला’ यासारखे ते एक धडधाकट अकर्मक वाक्यही आहे. जे नियम मघाशी कर्म होते, ते आता कर्त्याच्या जागी जाऊन बसले, आणि क्रियापदाचे एक अक्षरही हलले नाही.

मराठीत असे सगळीकडे होत नाही. आपल्या भाषेत क्रियापदांच्या जोड्या आहेत, आणि त्या फार नेमके काम करतात. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, जळणे आणि जाळणे, मरणे आणि मारणे, सुटणे आणि सोडणे. ‘घर पडले’ आणि ‘घर पाडले’ यांत एका कान्याचा फरक आहे, पण त्या कान्यात सगळा न्याय-अन्याय सामावतो. ‘घर पाडले’ या वाक्यातून कर्ता कितीही पुसला तरी त्याची सावली क्रियापदावर राहते. ऐकणारा लगेच विचारतो, कोणी पाडले? झाड तुटले की तोडले, वस्ती उठली की उठवली, हे लहान मूलही अचूक सांगते. ‘बदलणे’ या क्रियापदाला मात्र प्रमाण मराठीत अशी जोड नाही. मोडणे आणि उघडणे हीदेखील त्याच जातीची क्रियापदे, पण काठी मोडल्याने किंवा दार उघडल्याने समाजाचे फारसे अडत नाही. बदलणे हे आपल्या सार्वजनिक आयुष्यातले सर्वांत मोठे क्रियापद झाले आहे. अभ्यासक्रम बदलतो, धोरण बदलते, गावाचा नकाशा बदलतो, नोकरीच्या अटी बदलतात. म्हणून या एका शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे असे मला वाटते. माझे म्हणणे सरळ आहे: बदल कोणी केला आणि तो कोणी सोसला, हे दोन्ही ज्या वाक्यात दिसत नाही, ते वाक्य सार्वजनिक कागदावर येऊ नये. आणि हे साधण्यासाठी मराठीला बाहेरून काही आणावे लागणार नाही.

‘बदल’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला, आणि त्याचे मूळ अरबीत आहे. अरबीत ‘बदल’ म्हणजे एकाच्या जागी आलेले दुसरे, एकाच्या मोबदल्यात दिलेले दुसरे. सूफी परंपरेत ‘अब्दाल’ म्हणून ज्या सत्पुरुषांचा उल्लेख होतो, ते याच शब्दाचे अनेकवचन: त्यांच्यातला एक गेला की त्याच्या जागी दुसरा येतो अशी श्रद्धा. म्हणजे मुळात हा शब्द रूप पालटण्याचा नव्हता, तो देवाणघेवाणीचा होता. एक वस्तू जाते, तिच्या जागी दुसरी येते, आणि जी गेली तिचा हिशेब शिल्लक राहतो.

मराठीने हा हिशेब विसरलेला नाही, फक्त तो वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवला आहे. ‘अदलाबदल’ मध्ये तो उघडच दिसतो. ‘बदली’ मध्ये आहे: एक माणूस जातो, त्याच्या खुर्चीवर दुसरा येतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत ‘बदली कामगार’ होते. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते उभे राहायचे, नाहीतर फाटकावरून परत फिरायचे. शब्दाचा जुना अर्थ त्यांच्या रोजच्या पोटाशी बांधलेला होता. ‘बदला’ मध्ये हिशेब सूडाच्या रूपाने चुकता होतो. ‘बद्दल’ हे शब्दयोगी अव्यय आज आपण ‘विषयी’ या अर्थाने वापरतो, पण ‘केलेल्या कामाबद्दल पैसे दिले’ असे म्हणताना त्यातला ‘च्या ऐवजी, च्या पोटी’ हा अर्थ अजून जागा असतो. आणि ‘मोबदला’ हा याच कुळातला शब्द, अरबी ‘मुबादला’ म्हणजे विनिमय. जमीन गेली की मिळतो तो मोबदला.

मला या घराण्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही. ‘बदल’ आणि ‘मोबदला’ एकाच धातूतून आले. एकाच वाक्याचे ते दोन भाग आहेत म्हणा. पण आपल्या सार्वजनिक भाषेत त्यांची ताटातूट झाली आहे. बदल भाषणात राहतो, मोबदला कचेरीत अडकतो. बदलाचे उद्घाटन होते, आणि मोबदल्यासाठी खेटे घालावे लागतात.

काही जण ‘बदल’ परका म्हणून त्याऐवजी ‘परिवर्तन’ लिहावे असे सुचवतात. मला ते पटत नाही. शेकडो वर्षे मराठी तोंडात घोळलेला शब्द परका कसा? आणि ‘परिवर्तन’ हा ‘बदल’चा पर्याय नाहीच, त्याची कथाच वेगळी आहे. ‘वृत्’ म्हणजे वळणे, फिरणे, गतीत असणे. या एका धातूने मराठीला किती दिले ते पाहिले की थक्क व्हायला होते: वर्तन, वर्तमान, वर्तुळ, वृत्ती, आवृत्ती, प्रवृत्ती, निवृत्ती. संस्कृत ‘वर्त्मन्’ प्राकृतातून येताना ‘वाट’ झाला, ‘वर्ति’ची ‘वात’ झाली, ‘वर्तुल’चे ‘वाटोळे’ झाले. परिवर्तन म्हणजे चहूबाजूंनी वळणे, पूर्ण फेर घेणे. त्यात देवाणघेवाण नाही. वळणारा तोच राहतो, दिशा निराळी होते.

उपसर्गाला इथे किती वजन आहे, ते दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसाचे नाव धम्मचक्र प्रवर्तन दिन. पण फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर, कधी छापील मजकुरातही ‘धम्मचक्र परिवर्तन दिन’ असे लिहिलेले आढळते. प्रवर्तन म्हणजे चाक पुढे गतिमान करणे. सारनाथला बुद्धाने दिलेल्या पहिल्या उपदेशाला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात, ते याच अर्थाने. परिवर्तन म्हटले की चाक वळवले जाते, फिरवले जाते. त्या लोकांनी धम्माला वळवले नाही, त्यांनी स्वतःच्या आयुष्यात त्याला गती दिली. एक उपसर्ग चुकला की कोणी काय केले हेच बदलून जाते.

त्याच घटनेसाठी आपण ‘धर्मांतर’ असेही म्हणतो. ‘अंतर’ लागून होणारे हे शब्द मराठी सार्वजनिक जीवनाचा इतिहासच सांगतात: स्थलांतर, सत्तांतर, पक्षांतर, भाषांतर, हस्तांतर, नामांतर. संस्कृतात ‘अन्तर’ अशा समासात ‘दुसरा’ या अर्थाने येतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, गीतेतले देहांतर म्हणजे दुसरा देह. म्हणून या शब्दांत क्रियेपेक्षा पोहोचण्याचे ठिकाण मोठे असते. मात्र तिथे कोण कसा पोहोचला हे ते सांगत नाहीत. आणि म्हणून त्यांच्यासोबत येणारे क्रियापद महत्त्वाचे ठरते. १९५६ च्या घटनेबाबत मराठीने फार सुंदर क्रियापद निवडले आहे: दीक्षा ‘घेतली’. इथे बदल घडवणारा आणि बदल अंगावर घेणारा एकच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि दीक्षा २१ वर्षांनी घेतली गेली. इतक्या काळात विचार झाला, वाद झाला, अभ्यास झाला. ‘लोकांचे धर्मपरिवर्तन झाले’ असे जेव्हा कोणी या घटनेबद्दल लिहितो, तेव्हा तो ती २१ वर्षे पुसून टाकतो. ऋतूसारखे लोक बदलले असे त्या वाक्यातून दिसते. ‘घेतली’ म्हटले की माणसे उभी राहतात.

नामांतराची गोष्ट याच्याशेजारची. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार झाला, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. प्रत्यक्षात नाव दिले गेले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तेव्हा ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. या तोडग्याला शब्द मिळाला ‘नामविस्तार’. साडेपंधरा वर्षांचा संघर्ष ‘अंतर’ आणि ‘विस्तार’ या दोन उत्तरपदांच्या मध्ये झाला असे म्हटले तर चुकणार नाही. एका शब्दात जुने जाते, दुसऱ्यात जुने राहून वाढते. बदलासाठी कोणता शब्द वापरायचा हा केवळ कोशकारांचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास डोळ्यांसमोर आणावा.

आता मागे, खूप मागे जाऊ. बदल करणे आणि बदल होणे यांतला फरक आपल्या परंपरेत फार लवकर पाहिला गेला होता. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, पहिल्याच अध्यायात, वार्ष्यायणी नावाच्या आचार्यांचे मत दिले आहे: भावाचे, म्हणजे ‘होण्या’चे, सहा विकार असतात. जायते, अस्ति, विपरिणमते, वर्धते, अपक्षीयते, विनश्यति. जन्मते, असते, बदलते, वाढते, झिजते, नाश पावते. यातले तिसरे, विपरिणमते, हे खास बदल अंगावर येण्याचे क्रियापद. आणि यास्क त्याचा खुलासा करताना म्हणतो, ‘अप्रच्यवमानस्य तत्त्वाद् विकारम्’: आपल्या मूळ असण्यापासून जे ढळलेले नाही, त्यातला फेर.

मला या तीन शब्दांनी फार दिवस धरून ठेवले. बदललेली वस्तू तीच आहे हे आधी मान्य केले, तरच ‘ती बदलली’ असे म्हणता येते. ती पूर्ण गेली आणि जागी दुसरी आली, तर तो बदल नाही, तो अरबीतला ‘बदल’ आहे, विनिमय आहे. दोन परंपरांनी दोन वेगळ्या गोष्टी टिपल्या, आणि आज आपल्या एका शब्दात त्या दोन्ही मिसळल्या आहेत. गाव ‘बदलले’ असे म्हणताना तेच गाव नव्या रूपात आहे, की जुन्या गावाच्या जागी दुसरेच काही आले आहे? ‘कायापालट’ हा जाहिरातींचा लाडका शब्द पाहा. काया पालटते म्हणजे आतला माणूस तोच राहून शरीर नवे होते. पण ज्या वस्तीचा कायापालट झाला असे छापून येते, तिथले आधीचे रहिवासी तिथेच राहतात का, हे कोणी तपासत नाही. ते तिथे नसतील, तर काया तीच राहून माणूस पालटला. त्याला दुसरा शब्द हवा.

‘विपरिणमते’मधला ‘नम्’ धातू म्हणजे वाकणे, नमणे. परिणाम म्हणजे वाकत-वळत दुसऱ्या रूपाला जाणे. सांख्य तत्त्वज्ञांनी तो शब्द दुधाचे दही होण्यासाठी वापरला. पतंजलीच्या योगसूत्रांत परिणाम हे दुःखाचे एक कारण म्हणून येते. बौद्ध विचारात दुःखाचा एक प्रकारच ‘विपरिणामदुःख’ आहे: सुखसुद्धा बदलते, म्हणून होणारे दुःख. सगळीकडे हा शब्द बदल सोसणाऱ्याच्या बाजूला उभा आहे. मराठीत मात्र त्याचे घर बदलले. आज परिणाम ‘एखाद्या गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीवर’ होतो. सोसणाऱ्याचा शब्द कारणाच्या बाजूला गेला. ‘नव्या धोरणाचा शिक्षकांवर परिणाम’ असा मथळा येतो, आणि त्यात शिक्षक हे फक्त ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाखाली दबलेले असतात. त्यांच्यात काय वाकले, काय वळले, हे परिणामाच्या मूळ अर्थात विचारता आले असते.

‘विकार’चेही तसेच. संस्कृतात विकार म्हणजे फेर, रूपातला बदल. छांदोग्य उपनिषदात मातीचे मडके हा मातीचा विकार आहे. मराठीत तो हृदयविकार, मनोविकार होऊन दवाखान्यात गेला. नेहमीच्या स्थितीपासून झालेला फेर म्हणजे आजारच, अशी समजूत त्यामागे दिसते. पण एका जागी हा शब्द आपल्या जुन्या अर्थाने टिकून आहे, आणि ती जागा म्हणजे शाळेचे व्याकरण. विकारी शब्द आणि अविकारी शब्द. ‘घोडा’ला ‘ला’ लावायचा तर आधी ‘घोड्या’ व्हावे लागते. त्या सामान्यरूपात मला विकाराचा सर्वांत निरोगी अर्थ दिसतो: दुसऱ्याशी जोडले जाण्यासाठी शब्द थोडा वाकतो, आणि तरीही घोडा घोडाच राहतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘शाई’ फारसी ‘सियाही’वरून आली, म्हणजे काळेपणा. आपण लाल शाई निःसंकोच म्हणतो. ‘तेल’ तिळावरून आले, पण कुठल्याही बियांचे तेल असते. तेव्हा अरबीत काय होते आणि यास्काने काय म्हटले यावरून आज कोणी शब्द कसा वापरावा हे ठरवता येणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. व्युत्पत्तीचा दाखला देऊन कोणाचे वाक्य चूक ठरवण्याची माझी इच्छा नाही. माझी तक्रार आजच्या वापराविषयी आहे, आणि ती आजच्या व्याकरणातूनच सिद्ध होते. व्युत्पत्तीचा उपयोग एवढाच, की आपल्याकडे आधीच किती वेगवेगळी भांडी आहेत ते ती दाखवते. सगळे एकाच भांड्यात ओतायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. काही बदलांना खरोखर कर्ता नसतो. भाषाच पाहा. ‘हस्त’चा ‘हत्थ’ झाला, ‘हत्थ’चा ‘हात’ झाला. ‘कर्म’ ‘कम्म’मधून ‘काम’ झाले. हे कोणी केले? कोणीच नाही. असंख्य तोंडांतून पिढ्यान्‌पिढ्या घडले. इथे ‘मराठी बदलली’ हे अकर्मक वाक्यच खरे, त्यात कर्ता घुसवणे म्हणजे खोटेपणा. पण त्याच भाषेत दुसऱ्या प्रकारचा बदलही झाला आहे. जुन्या पुस्तकांत ‘बदलणें’ असे अनुस्वारासह छापलेले दिसते, आज आपण ‘बदलणे’ लिहितो. तो अनुस्वार आपोआप गळून गेला नाही. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम तयार केले, राज्य शासनाने १९६२ मध्ये त्यातले १४ स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. अनुच्चारित अनुस्वार माणसांनी काढला, चर्चा करून, तारखेनिशी. त्या निर्णयावर टीका करता येते, आणि लोकांनी ती केली, कारण तो कोणाचा निर्णय होता हे ठाऊक होते. ‘अनुस्वार गेले’ आणि ‘अनुस्वार काढले’ यांतला फरक हाच. पहिल्याविषयी हळहळ वाटू शकते, दुसऱ्याविषयी वाद घालता येतो.

लोकशाहीला वाद घालता येणारी वाक्ये लागतात. शासकीय मराठीने मात्र एक ठरावीक वळण स्वीकारले आहे: ‘बदल करण्यात आला आहे’, ‘सूचित करण्यात येते’, ‘निर्णय घेण्यात आला’. ‘करण्यात येणे’ ही रचना इतकी रुळली आहे की ती आता मराठीची नैसर्गिक औपचारिकता वाटते. प्रत्येक आदेशाखाली सही असते हे खरे, पण मजकूर लोकांपर्यंत पोहोचतो तेव्हा सही मागे राहते आणि ‘करण्यात आला’ तेवढे पुढे जाते. खिडकीपर्यंत येता येता त्याचे ‘बदललेत’ होते.

याचा सर्वांत मोठा फटका ज्यांना बसला, त्यांनीच मराठीला सर्वांत अचूक शब्द दिले आहेत. धरणे झाली, गावे पाण्याखाली गेली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आहे. पुढे कोयनेसारखी मोठी धरणे बांधली गेली, आणि उठवलेल्या लोकांच्या चळवळींतून ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’ हे शब्द सर्वांच्या तोंडी रुळले. ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला, गिळलेला. सूर्याला ग्रहण लागते तसा. या एका शब्दात बदल सोसणारा माणूसही आहे आणि त्याला गिळणारेही आहे. कायद्याने पुढे दुसरा शब्द घेतला: महाराष्ट्र प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम, १९९९. ‘बाधित’ म्हणजे ज्याला बाधा झाली तो. मला ‘ग्रस्त’ अधिक खरा वाटतो. बाधा उतरते, गिळलेले परत येत नाही.

तरीही कायद्याच्या भाषेचे एक श्रेय मान्य करायला हवे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या भरपाईवर ज्याचा हक्क पोहोचतो त्या ‘हितसंबंधी’ माणसाचा विचार होता. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत जमीन नसलेल्यांनाही आणले: त्या जमिनीवर तीन वर्षे आधीपासून पोट असलेला शेतमजूर, कूळ, कारागीर. म्हणजे बदल कोणाला सोसावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने रुंद केले. एका व्याख्येने किती माणसे वाक्यात आली! मोबदला कोणाला, हे आधी बदल कोणाच्या अंगावर आला यावर ठरते, आणि ते शब्दांत मांडावे लागते.

हवामानाबाबतही हेच घडताना मला दिसते. आपण ‘हवामान बदल’ म्हणतो. राज्य शासनाच्या खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आहे. दोन्हींत कर्ता नाही. पावसाळा उशिरा आला, थंडी कमी झाली, त्याच मालिकेतले काहीतरी, असे हे शब्द ऐकताना वाटते. पण १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारात या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात कर्ता आहे: जो बदल प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मानवी कृतींमुळे झाला, तोच त्या करारापुरता ‘हवामान बदल’. उद्योगयुगाआधी हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. हा आकडा आपोआप चढला नाही, तो चढवला गेला. आणि सर्वांनी सारखा चढवला असेही नाही. ज्यांनी सर्वांत कमी चढवला त्यांच्या शेतावर आणि छपरावर तो आधी उतरतो. ‘हवामान बदलले’ या अकर्मक वाक्यात हे काहीच येत नाही.

मग काय म्हणावे? इथे मराठीची एक बोली मदतीला येते. विदर्भात ‘बदलवणे’ हे क्रियापद सर्रास ऐकू येते. प्रमाण मराठी त्याला नाक मुरडते, संपादक ते खोडून ‘बदलणे’ करतात. मला वाटते आपण उलट करावे. घडणे आणि घडवणे, उठणे आणि उठवणे, फिरणे आणि फिरवणे जर चालतात, तर बदलणे आणि बदलवणे का चालू नये? ‘हवामान बदलवले’ म्हटले की ऐकणारा विचारतोच, कोणी? जी जोडी प्रमाण भाषेला कधी मिळाली नाही, ती बोलीकडे तयार आहे. ती घ्यायला कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही, लिहिणाऱ्यांनी लिहायला लागावे एवढेच पुरते.

आणि सोसण्याच्या बाजूसाठी आपल्याकडे ‘पावणे’ हे क्रियापद होते, अजूनही आहे. नाश पावणे, लोप पावणे, वृद्धी पावणे, अस्त पावणे. ‘प्राप्’वरून आलेले हे क्रियापद बदलाला मिळवण्यासारखे, वाट्याला येण्यासारखे पाहते. ‘भाषा लोप पावली’ म्हणताना काय झाले यापेक्षा कोणाला काय झाले याकडे लक्ष जाते. आज ते पुस्तकी वाटते म्हणून आपण ते टाळतो. तसाच ‘खांदेपालट’. मंत्रिमंडळात फेरबदल झाला की वर्तमानपत्रे तो शब्द वापरतात, पण मुळात ओझे वाहणारा एका खांद्यावरचा भार दुसऱ्यावर घेतो तो खांदेपालट. भार तोच राहतो, खांदा दुसरा येतो. इतका प्रामाणिक शब्द राजकारणाच्या बातमीत रोज वापरायला हवा, आणि वापरताना भार कोणता आहे तेही सांगायला हवे.

सरकारी पत्रव्यवहार सोपा करा, अशी मागणी नेहमी होते. सोपेपणा मलाही हवा आहे, पण त्याआधी पूर्णपणा हवा. ‘नियम बदलले आहेत’ हे वाक्य अतिशय सोपे आहे. त्यातला प्रत्येक शब्द पहिलीतल्या मुलाला कळेल. तरी त्या बाईंना त्यातून काही मिळाले नाही. सूचनेत कर्ता, तारीख आणि कोणाला काय करावे लागेल हे असावे, असा दंडक प्रत्येक कार्यालय आजपासून पाळू शकते. त्यासाठी ना निधी लागतो, ना नवा शब्दकोश. वर्तमानपत्रांनी ‘करण्यात आला’ या रचनेतून कर्ता शोधून काढायची सवय लावली, तर बातमीच बदलेल, म्हणजे बदलवावी लागेल. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना शिक्षकांनी मुलांना एकदा तरी विचारावे, की ‘समितीने’ काढल्यावर वाक्य पूर्ण राहते, पण माहिती पूर्ण राहते का?

त्या खिडकीवरचा कागद मी मनात अनेकदा पुन्हा लिहिला आहे. ‘या विभागाने अमुक तारखेच्या आदेशाने अर्जाचा नियम बदलला आहे. त्या तारखेआधी आलेल्या अर्जांना जुनाच नियम लागू राहील. नंतरच्या अर्जदारांनी उत्पन्नाचा दाखला जोडावा. हरकत असल्यास ती दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक सातमध्ये, लेखी द्यावी.’ चार ओळी झाल्या. बाईंच्या पिशवीतला अर्ज जुना होता की नवा, मला माहीत नाही. पण हा कागद तिथे असता, तर त्या दाराकडे वळण्याआधी जिन्याकडे गेल्या असत्या.